विचारल्याशिवाय बोलू नये

बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, इकडे बसा. तुम्हाला उद्या बसस्टॉपकडे जायचंय म्हणता ना, मग त्याच कोपऱ्यावरची एक गोष्ट सांगतो. एका दातवाल्याची. दातवाला म्हणजे दात काढणारा डॉक्टर नव्हे, डॉक्टरांना कवळ्या करून देणारा. गोष्टीत मारामारी नाही, कुणी पळून जात नाही, जे मेलेत ते आधीच मरून गेलेत. एक माणूस गप्प बसतो आणि दुसऱ्याला ते सोसत नाही, एवढंच. पण मला ती सरळ सांगता येणार नाही, कारण घडली ती दातवाल्याच्या डोक्यात, आणि माणसाचं डोकं काही सरळ रस्त्यानं चालत नाही. आणि एक आधीच सांगून ठेवतो. हिच्यात एक देवाचं सांगणारा माणूस आहे. तो कुठल्या देवाचं सांगायचा ते मला विचारू नका. सांगितलं की तुम्ही लगेच बाजू घेणार, आणि मग गोष्ट राहील बाजूला.

तर सुरुवात झाली एका परत आलेल्या कवळीपासून. दातवाल्याची रीत अशी, की डॉक्टरांकडून पेशंटच्या जबड्याचा प्लॅस्टरचा साचा यायचा, त्यावर हा गुलाबी मेणात दात बसवायचा आणि मेणाची ती कच्ची कवळी पेशंटच्या तोंडात घालून बघायला पाठवायचा. बसली, बोलता आलं, हसता आलं, की मग पक्की करायची. त्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "अहो, हे काय पाठवलंत?" हा म्हणाला, "काय झालं?" "एक दात कमी आहे. पेशंट शाळेतल्या मोठ्या बाई, आरशात बघून म्हणाल्या, असलं तोंड माझ्याकडे घरचंच होतं की, त्यासाठी इथे कशाला आले." पाठोपाठ डबा परत आला. यानं उघडून बघितलं. वर, डावीकडे, सुळ्याच्या अलीकडचा दात नव्हता. आता विसरला असता, निसटून पडला असता, तरी समजण्यासारखं होतं. पण तसं नव्हतं. रिकाम्या जागेवर मेण नीट सारखं केलेलं, हिरडी असते तशी गोलाई दिलेली, शेजारचा दात किंचित आत कललेला, जसा खऱ्या तोंडात काही काळानं कलतो तसा. म्हणजे हे हातांनी मुद्दाम केलेलं होतं, फक्त त्याला न विचारता. तो ती कवळी तळहातावर घेऊन बसला. हे तोंड त्या मोठ्या बाईंचं नव्हतं, पण ते कुणाचं आहे हे त्याला माहीत होतं. तो उठला आणि खिडकीशी गेला. खाली कोपऱ्यावर, बसस्टॉपच्या अलीकडे, त्या तोंडाचा मालक उभा होता. रोजच्या जागी, रोजच्या कोटात. पण पायाखाली स्टूल नव्हतं, आणि तोंड बंद होतं.

त्याला सगळे स्टुलवाला म्हणायचे. दातवाल्यानं कामाची आणि राहायची ती वरची जागा भाड्यानं घेतली त्याच्याही आधीपासून तो त्या कोपऱ्यावर यायचा. बगलेत लाकडी स्टूल, ते ठेवायचा, एकदा हलवून बघायचा, वर चढायचा आणि बोलायला लागायचा. कुणाला हाक मारायचा नाही, कागद वाटायचा नाही. समोरच्या रस्त्याला सांगायचा. रस्ता म्हणजे बसमधून उतरणारे, भाजीच्या पिशव्यावाले, कुठंतरी उशीर झालेले. ते ऐकायचे की नाही कोण जाणे. पण एवढं खरं, की बस आली तरी एखादा चढायचं सोडून पुढची बघू म्हणून उभा राहायचा, आणि तोंड भलतीकडे करून कान तेवढा इकडे ठेवायचा. वर पहिल्या मजल्यावर दातवाला आपल्या टेबलाशी. टेबलावर साचे, मेणाचे तुकडे, छोटी शेगडी, दात तासायची मोटर, आणि भिंतीला फळीवर रांगेनं प्लॅस्टरचे जबडे. माणसं त्यानं कधी बघितली नाहीत, फक्त त्यांची तोंडं बघितली, तीही माणसावाचून. आणि खालचा तो आवाज. मोटर बंद केली की आवाज वर यायचा, चालू केली की बुडायचा. दिवसभर असा तो आवाज बुडत आणि वर येत राहायचा, आणि दातवाल्याचे हात त्याच्या तालावर चालायचे. पण काय बोलायचा तो? ते त्यानं कधी ऐकलं नाही. बोलणं ऐकणं वेगळं आणि तोंड ऐकणं वेगळं. हा तोंड ऐकायचा. एका वर्षी थंडीत खालचा आवाज बदलला, 'स' म्हणताना हवा निसटायला लागली, शीळ घातल्यासारखी. हातातलं काम न थांबवता हा मनाशी म्हणाला, गेला, डावीकडचा, वरचा. पुढे त्या शिळेत आणखी फरक पडला, तेव्हा म्हणाला, शेजारचा कलतोय. माणसाला न भेटता त्याचा असा हिशेब ठेवणं यात त्याला काही वावगं वाटलं नाही. धंदाच तो.

बायको म्हणायची, "अहो, जेवताना कुणाच्या तोंडाकडे असं बघत बसू नये. पाहुणे घास गिळायचे थांबतात." आणि मग हसून म्हणायची, "लग्न झालं तेव्हा मला वाटलं, किती प्रेमानं बघतात हो आपल्याकडे. नंतर कळलं, दाढा तपासतात." खरं होतं ते. त्याला माणसाच्या डोळ्यांत बघायची सवय नव्हती. नजर गेली की खाली, ओठांवर. ही खोड धंद्यानं लागली असं बायकोला वाटायचं, पण उलट होतं. खोड आधीची. धंदा तिच्या मागून आला.

तर तो गप्प का झाला ते सांगतो. दातवाल्याच्या खिडकीखाली, तळमजल्यावर, एक बाई इस्त्रीचं दुकान चालवायची. पुढे दुकान, मागे राहायची खोली. तिनं तक्रार केली. तिच्यामागून आणखी दोघातिघांनी केली. कुणी म्हणालं, तो दुसऱ्यांच्या देवाला नावं ठेवतो. कुणी म्हणालं, छे, तो तर कुणाचं नावच घेत नाही. मग पोलिसांची चौकशी लागली आणि आजूबाजूच्या लोकांना एकेक करून साहेबांपुढे बोलावलं, त्यात दातवालाही गेला. साहेब तरुण होते, सभ्य होते, बसा म्हणाले. "तो दुसऱ्यांच्या धर्माला वाईट बोलायचा का?" दातवाला म्हणाला, "ते काही माहीत नाही." "तुमची खिडकी त्याच्या डोक्यावर आहे. रोज ऐकत असाल." "ऐकतो." "मग काय सांगतो तो?" दातवाला आठवायला लागला. आवाज आठवला. कुठे चढतो, कुठे उतरतो, कुठे श्वास घेतो, सगळं आठवलं. शब्द एक आठवेना. साहेब थांबले होते. काहीतरी दिलं पाहिजे म्हणून हा म्हणाला, "साहेब, त्याचा वरचा डावीकडचा एक दात पडलाय. त्यामुळे 'स' म्हणताना हवा जाते." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "चेष्टा करताय का?" "नाही साहेब." "बरं. या तुम्ही." बाहेर बाकावर हवालदार बसला होता, त्याला सगळं ऐकू गेलं होतं. तो म्हणाला, "दातवाले, तुम्हाला साक्षीला बोलावलं होतं, दुरुस्तीला नाही." यावर तिथले सगळे हसले, आणि दातवालाही थोडा हसला, आणि जिना उतरताना त्याच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं एक माणूस आपल्या पायाखाली उभा राहून काहीतरी सांगत होता आणि आपल्याकडे त्यातलं काही नाही. बाजूनं सांगायला नाही, विरुद्ध सांगायलाही नाही. याचं वाईट वाटलं असं नाही. खिशात हात घातल्यावर खिसा फाटलेला निघावा, तसं वाटलं.

मग हुकूम आला. हुकूम वाईट नव्हता हो. साहेबांनी मधला रस्ता काढला. धर्म पाळायला कुणाची ना नाही, धर्माचं बोलायलाही ना नाही. पण ज्याला ऐकायचं नाही त्याच्या कानात घालायचं नाही. रस्त्यावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं नाही, कशावर चढायचं नाही, आवाज चढवायचा नाही. मात्र कुणी आपणहून जवळ येऊन विचारलं, तर त्याला, त्याच्यापुरतं, सांगता येईल. पहिले काही दिवस हवालदारानं तिथे उभं राहून बघायचं. हवालदारानं स्टूल उचललं, स्टुलवाल्याला सगळं समजावलं, "म्हणजे बघा, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. विचारलं की बोला, आपली हरकत नाही." स्टुलवाल्यानं मान हलवली. भांडला नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर आला, स्टूल जिथे असायचं तिथेच फरशीवर उभा राहिला, आणि वाट बघायला लागला, कुणी विचारतंय का.

कुणी विचारलं नाही. दातवाला वरून बघत होता. आधी ज्यांचे कान इकडे असायचे ते लोक होते, तेच, बसस्टॉपवर. पण आधी ऐकणाऱ्याला आपण ऐकतोय असं कबूल करावं लागत नव्हतं. बसची वाट बघतोय असं म्हणून ऐकता यायचं. आता ऐकायचं तर रांग सोडून, चार पावलं पुढे येऊन, हवालदारादेखत तोंडानं म्हणायला पाहिजे, की मला ऐकायचंय. तेवढं कोण करणार? ज्याचा विश्वास आहे त्याला लाज, ज्याचा नाही त्याला गरज नाही. माणसं बसमध्ये चढून जात होती. सुरुवातीला स्टुलवाल्याचे ओठ हलायचे. दातवाल्याला वरूनही दिसायचं, आत काहीतरी चाललेलं. मग हलायचे थांबले. मग ओठ एकावर एक बसले, घट्ट. मग तेही सैल झाले आणि हनुवटी जराशी खाली आली. हे सगळं दातवाला बघत होता आणि त्याला ते कळत होतं, कारण हे तो रोज बघतो. एखाद्या म्हाताऱ्याची बायको जाते, तो म्हणतो आता कुणाशी बोलायचं आणि कुणाबरोबर जेवायचं, कवळी काढून पेल्यात ठेवतो. पुढे कधीतरी मुलगी येते, बाबा घाला म्हणते, तो घालायला जातो तर बसत नाही. कवळी तीच असते. हिरडी खाली बसलेली असते. तोंडानं रिकाम्या जागेशी जमवून घेतलेलं असतं. मग ते डॉक्टरांकडे येतात आणि कवळीला नावं ठेवतात.

आणि त्याला आई आठवली. आठवली म्हणजे आठवायची म्हणून नव्हे. मेण गरम करत होता, शेगडीवर फुंकर घातली, आणि आपल्याच ओठांचा आकार त्याला ओळखीचा वाटला. त्याचा बाप पॉवरहाउसमध्ये रात्रपाळीला होता. दिवसा झोपायचा. घर एका खोलीचं. आईला सकाळसंध्याकाळ देवाचं काहीतरी म्हणायची सवय, माहेरची, चांगली मोठ्यानं. लग्नानंतर बाप म्हणाला, "देवाशी माझं भांडण नाही. पण मला झोप लागते ती दिवसा. तू मनात म्हण. त्याला ऐकू येतं म्हणतात ना, मग त्याला काय फरक पडतो?" बाप वाईट नव्हता. हा प्रश्न त्यानं खरंच विचारला होता. आई मनात म्हणायला लागली. ओठ हलायचे, आवाज नाही. आणि हा तिच्यासमोर मांडी घालून बसायचा आणि तिच्या ओठांकडे बघायचा. पोराला दुसरा खेळ नव्हता; बाप झोपलेला, हलायचं नाही, बोलायचं नाही. बघून बघून त्याला कळायला लागलं, आता ओठ मिटले म्हणजे अमुक, आता दात दिसले म्हणजे तमुक. सगळं म्हणणं त्याला ओठांवरून यायचं, आणि ऐकलं मात्र एकदाही नव्हतं. आई मधेच त्याच्याकडे बघायची आणि अंगावर ऊन आल्यासारखी जरा सरकून बसायची. पुढे बाप गेला. मावशी आली होती, ती आईला म्हणाली, "आता म्हण गं मोठ्यानं. आता कुणाची झोप मोडणार आहे?" आई बसली. हा तोपर्यंत मोठा झाला होता, मिसरूड फुटलं होतं, पण जुन्या सवयीनं तिच्यासमोर जाऊन बसला. इतकी वर्षं ओठांवर बघितलेलं आज ऐकायला मिळणार होतं. आईनं तोंड उघडलं. काही आलं नाही. तिनं आवंढा गिळला, पुन्हा उघडलं. मग याच्याकडे बघून ओशाळं हसली आणि म्हणाली, "राहू दे. सवय गेली." त्यानंतर तिनं मनातसुद्धा म्हटलं नाही. ओठ हललेच नाहीत. मावशी म्हणाली धक्का बसलाय. हा म्हणायचा, वापर नाही म्हणून तोंड बसलं. त्याला तेच खरं वाटायचं, आत्तापर्यंत.

म्हणून तो अस्वस्थ होता, दुसरं काही नाही. देवाधर्माशी त्याला कर्तव्य नव्हतं. स्टुलवाला उद्या कोपरा सोडून गेला असता तर याला वाईट वाटलं नसतं. पण हे डोळ्यांदेखत चाललं होतं. आणखी थोडे दिवस, की कुणी विचारलं तरी त्या तोंडातून काही येणार नव्हतं. आणि मग हुकूम असेल, परवानगी असेल, हवालदारही निघून गेलेला असेल, आणि बोलणारं तोंड तेवढं नसेल. आणि थांबवायला फक्त एका माणसानं खाली जाऊन एक शब्द म्हणायचा होता.

तो खाली गेला, पण आधी इस्त्रीवाल्या बाईंकडे. उगाच एक शर्ट घेऊन. बाई शर्ट उलटासुलटा करून म्हणाल्या, "भाऊ, याला इस्त्री आहे की." हा म्हणाला, "कॉलर बघा जरा." त्यांनी कॉलरवर पाणी मारलं. बाहेर स्टुलवाला उभा होता, त्याची पाठ दुकानातून दिसत होती. "ताई, तो आता बोलत नाही." बाई म्हणाल्या, "मला काय सांगता? मला दिसत नाही?" इस्त्री फिरवली. "तुम्हालाही मीच वाईट वाटत असेन." "नाही ताई." "सगळ्यांना वाटते. पण सासूबाई आत पडून होत्या तेव्हा कुणी आलं नाही बघायला. शेवटचे दिवस त्यांचे. आणि हा बाहेरून विचारतोय, मरणाची तयारी केलीत का, मरणाची तयारी केलीत का. सासूबाई मला म्हणायच्या, सूनबाई, तो मला ओळखतो का गं? रोज मलाच विचारतो." त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली. "मी काय सांगू त्यांना?" दातवाला ते मरणाच्या तयारीचं वाक्य वरून रोज ऐकत होता. त्यात एकही 'स' नव्हता, म्हणून त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "मी त्याचा देव बंद करा म्हटलं नव्हतं भाऊ. जरा पलीकडे सरकवा म्हटलं होतं. यांनी तोंडच बंद केलं. आता काम करताना बघावं तर समोर त्याची पाठ, सारखी. ओरडायचा तेव्हा निदान राग तरी यायचा." हा म्हणाला, "मग तुम्हीच विचारा ना त्याला. बोला म्हणा." "मी? लोक म्हणतील, आधी तक्रार केली, आता चेली झाली." त्यांनी शर्टाची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. "तुम्ही जा की. तुमचं काय, तुमचं कुणाशीच काही नाही." त्या टोचून बोलल्या नव्हत्या. सोय म्हणून बोलल्या. तरी शर्ट घेऊन जिना चढताना त्याला ते वाक्य दातात अडकल्यासारखं वाटत राहिलं, जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जात होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं शाळेतल्या बाईंची ती कवळी समोर घेतली, राहिलेला दात बसवायला. दात चिमट्यात धरला, मेण ऊन केलं, आणि हात थांबला. खाली बघितलं. मग दात पुन्हा डबीत ठेवला, एप्रन काढला. बायको म्हणाली, "कुठे निघालात?" "खाली. आलोच." "हात तरी धुवा, प्लॅस्टर लागलंय." तो तसाच गेला. हवालदार फुटपाथच्या कडेला एका पायावर भार देऊन उभा होता, कंटाळलेला. "काय दातवाले? इकडे कुठे?" "यांना विचारायचंय." "काय?" "तेच, जे विचारायचं असतं ते." हवालदारानं दुसरा पाय खाली टेकला. एकदा याच्याकडे बघितलं, चेष्टा आहे का म्हणून. मग म्हणाला, "हरकत नाही. पण हळू. तुमच्यापुरतं." बसस्टॉपवरच्या लोकांनी माना वळवल्या. स्टुलवाला जवळून लहान दिसत होता. वरून याला त्याचं टक्कल, तोंड आणि आवाज एवढंच माहीत होतं. हा समोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बोला." स्टुलवाल्यानं मागे बघितलं, दुसऱ्या कुणाला म्हणतोय की काय. "मला?" "हो." "कशाबद्दल?" "जे बोलत होता ते." स्टुलवाल्यानं श्वास घेतला, खांदे वर गेले, तोंड उघडलं. आणि दातवाल्याची नजर गेली, जायची तिथे. डावीकडची फट, बरोबर तीच. हिरडी किंचित सुजलेली. शेजारचा दात आत कललेला, याला वाटला होता त्याहून थोडा जास्त. श्वास आत गेला तो तसाच बाहेर आला, नुसता. स्टुलवाल्यानं आवंढा गिळला, पुन्हा तोंड उघडलं. मग त्याचा हात वर आला आणि त्यानं तोंड झाकलं. हाताआडून म्हणाला, "एकट्याला कसं सांगतात ते मला येत नाही हो. मी आपला रस्त्याला सांगायचो." मग म्हणाला, "आणि तुम्ही असे बघताय." हवालदार आपल्या बुटांकडे बघायला लागला. त्या हाताआड काय आहे हे दातवाल्याला दिसत नव्हतं, पण वर डोळे होते, आणि त्यांत एक ओशाळं हसू होतं. ते त्यानं आधी बघितलं होतं. मावशी शेजारी, आई समोर, आणि हा मांडी घालून बसलेला, मिसरूड फुटलेला घोडा, आईच्या तोंडावर डोळे लावून. तिची सवय गेली नव्हती. बापाची झोप गेली होती, पण हा समोर होता.

दातवाला जागच्या जागी वळला आणि स्टुलवाल्याकडे पाठ करून उभा राहिला. आता त्याच्यासमोर रस्ता होता. बस, पिशव्या, माना वळवलेले लोक. "आता बोला," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. हवालदार म्हणाला, "अहो, हे असं चालतं का?" हा म्हणाला, "त्याच्याकडे तोंड करूनच ऐकावं असं हुकमात आहे का?" हवालदारानं विचार केला. "तसं काही म्हटलेलं नाही." "मग झालं." "नाही, पण पाठ कुणी दाखवतं का ऐकताना?" दातवाला म्हणाला, "हा रस्त्याला सांगत होता तेव्हा रस्ता काय तोंड करून होता?" पाठीमागे पाय फरशीवर घासले. मग एक खाकरणं. मग मानेवर श्वास, ऊन, म्हाताऱ्या माणसाचा. आणि मग एक शब्द, गंजलेला, मधेच तुटलेला, पुन्हा जोडून घेतलेला. मग दुसरा. आवाज खालीच होता, हुकमातला, याच्या डोक्यामागून निघून कानावरून पुढे जात होता. बसस्टॉपवरचे लोक दातवाल्याकडे असे बघत होते जणू तोच बोलतोय, आणि त्याचं तोंड तर बंद. मग त्यांची नजर हळूहळू भलतीकडे गेली, आणि कान तेवढे राहिले. एक बस आली, थांबली, निघाली. एक बाई चढायची राहिली. इस्त्रीच्या दुकानाची खिडकी अर्धी लावलेली होती, ती अर्धीच राहिली. पाठीमागे 'स' आला आणि शीळ वाजली. सवयीनं याचा कान तिकडे गेला. पण बघायला तोंड नव्हतं, तपासायला काही नव्हतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला माणूस काय म्हणतोय ते ऐकू आलं.

काय ऐकलं ते मी सांगणार नाही. ते त्याच्यापुरतं होतं, हुकूमच तसा आहे. त्याला पटलं का? नाही पटलं. वर येऊन त्यानं हात धुतले आणि शाळेतल्या बाईंच्या कवळीत राहिलेला दात बसवला, चोख. बायको म्हणाली, "काय म्हणाला तो?" हा तिच्या डोळ्यांकडे बघून म्हणाला, "बरंच." आणि बायकोच जराशी गोंधळली, कारण तिच्या डोळ्यांकडे बघून बोलायची त्याला सवय नव्हती.

तेव्हापासून दातवाला रोज दुपारी खाली जातो, पाठ करून उभा राहतो. स्टुलवाला आता चार पावलं पलीकडे सरकलाय, इस्त्रीवाल्या बाईंच्या खिडकीपासून लांब. ते कुणी सांगितलं नव्हतं. हवालदार गेला. हुकूम आहे तसाच आहे, आणि असू द्या, मी त्याला नावं ठेवत नाही. त्या बाईंच्या सासूचंही ऐकलंच पाहिजे कुणीतरी. पण दातवाल्याचे पाय हल्ली सुजतात, डॉक्टर म्हणालेत उभं राहायचं नाही. उद्या काही तो खाली उतरणार नाही. बसस्टॉपवरचे लोक असतील, त्यांचे कान असतील, पण पहिला शब्द त्यांच्यातलं कुणी म्हणणार नाही, मला माहीत आहे. तुम्ही तिकडून जाणारच आहात. बस यायला वेळ असतोच. तर एवढं करा माझ्यासाठी: त्याच्याजवळ जा, बोला म्हणा, आणि पाठ फिरवून उभे राहा. पटायला पाहिजे असं नाही. नाही ऐकलंत तरी चालेल, बसची वाट बघा खुशाल. फक्त मागे वळून त्याच्या तोंडाकडे बघू नका.